कायद्यातली पीएच.डी.: फॉर्म भरण्याआधी प्रश्न हातात असू द्या

'नेट' या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल लागला किंवा विद्यापीठाच्या 'पेट' या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची जाहिरात आली, की एलएलएमच्या जुन्या विद्यार्थ्यांचे मला फोन सुरू होतात. "मॅडम, एखादा विषय सुचवा ना," हे बहुतेकांचं पहिलं वाक्य. कोणी तालुका कोर्टात दहा वर्षं वकिली केलेला असतो, कोणी लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असते, कोणाची एलएलएम नुकतीच झालेली असते. परीक्षेचा अभ्यास सगळ्यांनी केलेला असतो. काहींचा गाईडही ठरलेला असतो. विषय तेवढा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायच्या आदल्या आठवड्यात शोधायचा असतो.

हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत पुढची पाच-सहा वर्षं मोजावी लागते. मीही ती मोजली आहे. माझा पहिला आराखडा 'भारतातील स्त्रियांचे कायदेशीर हक्क : एक चिकित्सक अभ्यास' या नावाचा होता. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "यात तुम्हाला नक्की काय शोधायचं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. तो आराखडा परत आला आणि माझं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून या लेखात सगळ्यांत जास्त जागा प्रश्नाला दिली आहे.

खाली दिलेले नियम मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या पीएच.डी. विनियमांतले आहेत. त्या चौकटीत प्रत्येक विद्यापीठ आपले नियम करतं, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात आणि माहितीपुस्तिका शब्दन् शब्द वाचा.

पात्रता आणि प्रवेशाचे दरवाजे

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधले इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला जाण्याची वाट २०२२च्या विनियमांनी उघडली, पण विधी शाखेत एलएलएम करूनच या असं मी सांगेन. जाहिरातीत सहसा तीच मागतात, आणि एलएलएमचा लघुप्रबंध लिहिताना जी सवय लागते तिचा पुढे फार उपयोग होतो. एक वर्षाची एलएलएम चालते का, असं अनेक जण विचारतात. युजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेली एक वर्षाची एलएलएम ही पदव्युत्तर पदवीच आहे. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचा दाखला आत्ताच मागवून ठेवा. ऐनवेळी तो मिळत नाही.

प्रवेशाचा एक दरवाजा 'नेट'चा. यात विधी विषयाचा क्रमांक ५८. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, मिळून ३०० गुण आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. २०२४ पासून 'नेट'च्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह) पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकी दोन गटांत 'नेट'च्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. हे एक वर्ष अनेकांच्या लक्षात येत नाही. निकाल हातात धरून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालात तर पुन्हा परीक्षेला बसावं लागेल.

जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षं आहे. पण एलएलएम झालेल्यांना तीन वर्षांची सूट मिळते आणि महिला, राखीव प्रवर्ग, दिव्यांग यांना पाच वर्षांची. एलएलएमची ही सूट वकिलांना बहुधा माहीत नसते. एकतीस-बत्तीस वर्षांच्या कितीतरी जणांनी 'वय गेलं' म्हणून जेआरएफचा विचारच सोडलेला मी पाहिला आहे. पीएच.डी. प्रवेशाला आणि सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही.

दुसरा दरवाजा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा, आपल्याकडची 'पेट'. यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मुलाखतीपर्यंत जायला ५० टक्के, सवलतीच्या प्रवर्गांना ४५ टक्के लागतात. वकील मंडळी विषयात सहसा पडत नाहीत, संशोधन पद्धतीत पडतात. गृहीतक, नमुना निवड, प्राथमिक आणि दुय्यम साधनं, वाङ्मयचौर्याचे नियम एवढं महिनाभर नीट वाचलं तरी पुरतं. महाराष्ट्रातली बरीच विद्यापीठं 'सेट' (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) किंवा एम.फिल. झालेल्यांना 'पेट'मधून सूट देतात. आपल्या विद्यापीठाचं पाहून घ्या.

पूर्णवेळ की अर्धवेळ

विनियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. नोकरीत असाल तर संस्थेची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. तिच्यात संशोधनासाठी वेळ दिला जाईल, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (नोंदणीनंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळं केलं जाईल असं स्पष्ट लिहून घ्या. पत्रव्यवहाराने किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही. तशी जाहिरात कुठे दिसली तर पैसे भरू नका.

वकिली करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फेलोशिप घेतलीत तर तिच्या अटींनुसार दुसरं मोबदल्याचं काम करता येत नाही. वकिली चालू ठेवायची असेल तर अर्धवेळ नोंदणी करा, आणि शंका असेल तर बार कौन्सिलला लेखी विचारा. तोंडी सल्ल्यावर सनद पणाला लावू नका. शिकवण्याचं म्हणाल तर १९७९च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला मुभा आहे, त्यामुळे कोर्ट सांभाळून सकाळच्या लॉ कॉलेजात तास घेणाऱ्यांना अडचण येत नाही.

मुदत किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. लग्न, बाळंतपण पुढे आहे म्हणून नोंदणी लांबवणाऱ्या मुलींनी हे आकडे घरच्यांना आवर्जून दाखवावेत.

विषयातून प्रश्न कसा निघतो

एक खरं वाटावं असं उदाहरण घेऊन सांगते. समजा तुम्ही ग्रामीण तालुक्यात वकिली करता आणि जमिनीच्या कायद्यात रस आहे. 'महाराष्ट्रातील जमीन कायदे' हे एक अख्खं कपाट झालं. त्यात शोधायचं काय? आता स्वतःच्या फाइली उघडा. सगळ्यांत जास्त भांडणं कशाची येतात? शेतरस्त्याची. बांधावरून बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर आला, शेजाऱ्याने चर खणला, आणि ऊस फडात अडकला.

हा वाद तहसीलदारांपुढे दोन वेगळ्या कायद्यांखाली येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६चं कलम १४३ बांधावरून वाट मागण्याच्या हक्काचं आहे. तिथे तहसीलदाराने शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाजवी वाट मिळण्याची गरज पाहायची असते. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६चं कलम ५ मात्र आधीपासून असलेल्या वाटेतला अडथळा दूर करण्याचं आहे. त्यात कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. म्हणजे अधिकारी तोच, कचेरी तीच, आणि कसोट्या वेगळ्या. अशिलाला हा फरक माहीत नसतो. त्याचा अर्ज साध्या कागदावर लिहिलेला असतो: 'माझा रस्ता अडवला आहे, तो मिळावा.'

इथे प्रश्न जन्माला येतो. कोणत्या कलमाखाली अर्ज आहे हे तहसीलदार कसं ठरवतात? कलम ५च्या अर्जात वाट 'आधीपासून' होती हे कोणत्या पुराव्यावर मानलं जातं: गावनकाशा, पंचनामा, की शेजाऱ्यांचे जबाब? आदेश झाल्यावर रस्ता प्रत्यक्षात मोकळा होतो का? आता क्षेत्र आखा. एक जिल्हा, त्यातले तीन तालुके, पाच वर्षांचे निकाल. 'महाराष्ट्रातील जमीन कायदे' आणि हे, यांतला फरक तुमच्या लक्षात आला असेल. पहिल्यावर पाठ्यपुस्तक होतं. दुसऱ्यावर प्रबंध होतो, आणि तो वाचून उद्या एखादा प्रांताधिकारी आपल्या कामात बदल करू शकतो.

असे प्रश्न आपल्या आसपास भरपूर पडलेले आहेत. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५चं कलम १२ म्हणतं की पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्याने करावा. तुमच्या कोर्टात प्रत्यक्ष किती लागतात, आणि उशीर नेमका कुठल्या टप्प्यावर होतो? महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यांत पुढे काय झालं? गोव्याच्या वाचकांपाशी तर असा ऐवज आहे जो देशात इतरत्र मिळणार नाही. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंब कायदा, पती-पत्नींच्या समाईक मालमत्तेची कल्पना, आणि वारसाहक्काची इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची) प्रक्रिया. समान नागरी कायद्यावर देशभर मतं मांडली जातात, पण मडगाव-म्हापशाच्या कोर्टांत ही प्रक्रिया रोज कशी चालते हे दाखवणारा माणूस तिथलाच हवा.

प्रश्न सुचला की शोधगंगा या संकेतस्थळावर जा. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. तुमच्या प्रश्नाजवळचे पाच-सहा प्रबंध काढा आणि त्यांची शेवटची प्रकरणं वाचा. 'यावर पुढे अभ्यास व्हावा' असं कुठे लिहिलंय ते टिपून घ्या. सारखा विषय सापडला म्हणून घाबरू नका. सारखा प्रश्न सापडला तरच बदला.

मग सामग्री हाताला लागते का ते तपासा, अगदी स्वतः जाऊन. तीन तहसील कचेऱ्यांत जा, निकालाची नोंदवही आहे का विचारा, दहा फाइली पाहायला मिळतात का बघा. मिळत नसतील तर प्रश्न कितीही सुंदर असो, बदलावा लागेल. नोंदणीनंतर दोन वर्षांनी हे कळणं फार क्लेशाचं असतं.

फौजदारी कायद्यातला विषय घेणाऱ्यांसाठी खास सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेवर बेतलेला आराखडा अजूनही लोक सादर करतात आणि तो परत येतो. जुन्या कलमावरचे निकाल वापरायचे असतील तर नव्या कलमात शब्द बदलले का, ते आधी ओळ ओळ ताडून पाहा.

सिनॉप्सिस लिहिताना

मांडणी विद्यापीठ ठरवून देतं. शीर्षक, पार्श्वभूमी, आधीच्या संशोधनाचा आढावा, समस्या, उद्दिष्टं, गृहीतक, व्याप्ती, पद्धत, प्रकरणं आणि ग्रंथसूची, थोड्याफार फरकाने हेच असतं. यातलं निम्मं लिहायला सोपं आहे. लोक अडकतात ते गृहीतक आणि पद्धत या दोन ठिकाणी.

'महिलांवर अन्याय होतो', 'कायद्याची अंमलबजावणी नीट होत नाही' ही गृहीतकं होऊ शकत नाहीत. गृहीतक असं हवं की अभ्यासाअंती ते चुकीचंही ठरू शकेल. शेतरस्त्याच्या उदाहरणात ते असं लिहिता येईल: 'अर्जात कलमाचा उल्लेख नसल्यास तहसीलदार बहुतांश प्रकरणी तो कलम ५ खाली हाताळतात, आणि त्यामुळे सहा महिन्यांच्या मुदतीवर अर्ज फेटाळले जातात.' कदाचित फाइली पाहिल्यावर हे साफ खोटं निघेल. निघू दे. तोही निष्कर्षच आहे.

पद्धतीच्या रकान्यात 'डॉक्ट्रिनल आणि नॉन-डॉक्ट्रिनल' असे दोन शब्द टाकून सोडू नका. डॉक्ट्रिनल म्हणजे कायदा, निकाल, विधिमंडळातल्या चर्चा यांतून अर्थ लावणं. तुम्ही कोणती कलमं, कोणत्या न्यायालयांचे कोणत्या वर्षांपासूनचे निकाल वाचणार ते लिहा. नॉन-डॉक्ट्रिनल असेल तर किती फाइली, त्या कशा निवडणार, किती जणांच्या मुलाखती, त्यांची नावं गुप्त कशी ठेवणार, हे लिहा. दोनशे लोकांना 'तुम्हाला कायदा माहीत आहे का?' अशी प्रश्नावली वाटून वर्तुळाकार आलेख काढणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तिने प्रबंध जाड होतो, कायद्याबद्दल काही कळत नाही. डॉक्ट्रिनल काम दुय्यम आहे असाही समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. एका कलमाच्या अर्थाचा शंभर वर्षांचा प्रवास नीट उलगडणं हे कुठल्याही सर्वेक्षणाइतकंच कष्टाचं काम असतं.

संदर्भ पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने द्या. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. आणि उचलेगिरी अजिबात नको. युजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई वाढत जाते. निकालपत्रातला उतारा अवतरणात द्या, बाकी आपल्या शब्दांत लिहा.

गाईड

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. विधी शाखेत मान्यताप्राप्त गाईड कमी, म्हणून जागाही कमी. रिक्त जागांची यादी विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र जाहीर करतं, ती पाहा. गाईडच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर त्यांना नवा संशोधक घेता येत नाही, हेही आधीच विचारून घ्या.

नावाच्या मोठेपणावर जाऊ नका. त्यांचे दोन लेख वाचा, त्यांच्याकडे सध्या असलेल्या एका संशोधकाला भेटा आणि एवढंच विचारा: "लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून मिळतं?" मग पत्र लिहा. थोडक्यात, असं:

"आदरणीय सर, सादर नमस्कार. मी एलएलएम असून चार वर्षं तालुका न्यायालयात वकिली करते. यंदा 'पेट' उत्तीर्ण झाले आहे. शेतरस्त्याच्या वादांत तहसीलदार कलम १४३ आणि मामलतदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ यांत निवड कशी करतात, यावर संशोधन करण्याचा विचार आहे. तीन तहसील कचेऱ्यांतल्या फाइली पाहून दोन पानांचं टिपण तयार केलं आहे, ते सोबत जोडते. महसूल कायद्यावरचा आपला लेख वाचल्यावर काही शंका मनात आहेत. आपल्या सोयीने वीस मिनिटं वेळ मिळाल्यास भेटायला येईन."

'मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची आहे, कृपया होकार कळवावा' एवढ्याच मजकुराची पत्रं गाईडकडे ढिगाने येतात. वरच्या पत्राला बहुधा उत्तर येतं.

मुलाखत, कागदपत्रं, पैसा

मुलाखतीत तुमची काम करण्याची क्षमता, विषय त्या केंद्रात होऊ शकतो का, आणि त्यातून ज्ञानात काही भर पडेल का हे पाहतात. तीन मिनिटांत प्रश्न, पद्धत आणि आत्तापर्यंत पाहिलेली सामग्री सांगता आली पाहिजे. घरच्यांपुढे बोलून बघा. कायदा न शिकलेल्या आईला कळलं, तर समितीलाही कळेल. एखाद्या निकालाबद्दल विचारलं आणि वाचला नसेल तर 'वाचलेला नाही, टिपून घेते' म्हणा.

कागदपत्रांत सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र व वैधता, चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर, शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि एनओसी. प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा.

जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ संशोधन फेलोशिपला) ४२,००० रुपये आहे. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप पाहा, आणि एकुलत्या एक मुलीसाठी युजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप. बहुतेक ठिकाणी नोंदणीची तारीख महत्त्वाची असते, म्हणून नोंदणीचं पत्र हातात पडल्या दिवशीच त्याची प्रत काढून ठेवा. आणि एक स्पष्ट बोलते. केवळ प्राध्यापकाच्या नोकरीसाठी हे करणार असाल तर आधी नेट किंवा सेट काढा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला तीच किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे.

नोंदणी झाल्यावर

आराखडा संशोधन समितीपुढे, आपल्याकडच्या बोलीत 'आरआरसी'पुढे, मांडावा लागतो. दुरुस्त्या सुचवल्या तर वाद न घालता लिहून घ्या, आणि कुठली का स्वीकारली नाही हे पुढच्या वेळी कारणासह सांगा. मग कोर्सवर्क: १२ ते १६ श्रेयांकांचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर असतोच, आणि उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती २०२२मध्ये गेली, तरी अनेक विद्यापीठांनी ती स्वतःच्या नियमांत ठेवली आहे. आपलं पाहून ठेवा.

कोर्सवर्क चालू असतानाच सामग्री मागवायला लागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस, आलं नाही तर पहिलं अपील पुढच्या तीस दिवसांत. शेतरस्त्याच्या त्या प्रबंधासाठी तीन तालुक्यांचे तीन अर्ज लागतील, आणि पहिल्याचं उत्तर बहुधा 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असंच येईल. तेव्हा दुसऱ्या अर्जात आकडे मागू नका. नोंदवहीचं अवलोकन करू देण्याची मागणी करा, आणि ठरलेल्या दिवशी वही, पेन व दुपारचा डबा घेऊन कचेरी उघडायच्या वेळी जाऊन बसा.